सगळं एकच असेल, तर अभ्यास कशाला?

गेल्या वर्षी कार्तिकात उज्जैनला जाऊन आलो. महाकालाचं दर्शन हे घरी सांगितलेलं कारण. खरं कारण माझा भाचा. तो तिथे दर्शनशास्त्र शिकतो. फोंडा तालुक्यातला मुलगा, बारावीला चांगले मार्क. सगळे म्हणत होते इंजिनिअरिंगला घाला. हा म्हणाला, मला न्याय आणि वेदान्त वाचायचाय. भावोजी खूश. घरात भटपण आहे, देवळाची पाळी आहे, मुलगा शास्त्री होऊन परत येईल. दोन वर्षं बरी गेली. मग एके रात्री त्याचा फोन आला आणि घरात वाद पेटला.

तो म्हणाला, "मामा, सृष्टी देवाने केली की नाही याचं एका तासाला एक उत्तर मिळतं आणि दुसऱ्या तासाला दुसरं. दोन्ही उत्तरं देणारे वेद मानणारेच. मग मी पूजेला बसून संकल्प सोडतो तेव्हा पाणी कुठल्या उत्तरावर सोडतो?"

मला प्रश्न फार आवडला. भावोजींना नाही. "शिकायला पाठवलं की शंका काढायला?" असं ते म्हणाले. आमच्याकडे सप्ताहाला येणारे एक कीर्तनकार त्या दिवशी घरी जेवायला होते. त्यांनी फोन हातात घेऊन मुलाची समजूत काढली, "बाळा, सगळं एकच आहे. सांख्य घे, वेदान्त घे, तो बिग बँग घे. हिरण्यगर्भ म्हणजेच बिग बँग. आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं. तू पाठांतर कर, शंका आपोआप जातील."

हा लेख त्या "सगळं एकच आहे" या वाक्याविरुद्ध आहे. कीर्तनकार भला माणूस, गळा गोड, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. भांडण वाक्याशी आहे. हे वाक्य आज देवळात ऐकू येतं, फेस्ताच्या जेवणावळीत ऐकू येतं, व्हॉट्सअॅपवर तर रोज सकाळी येतं. ऐकायला उदार वाटतं, पण अभ्यास करणाऱ्या पोराचं तोंड बंद करायला याच्याइतकं सोयीचं वाक्य दुसरं नाही.

संकल्पापासूनच सुरुवात करू. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युग, कलीचा पहिला चरण. आपण हे झपाझप म्हणतो आणि पळीतलं पाणी ताम्हनात सोडतो. पण यात सृष्टीच्या वयाचा हिशोब भरलेला आहे. उज्जैनला हे जरा जास्तच जाणवतं, कारण आपल्या ज्योतिषाची मध्यरेखा या गावावरून जाते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा शिप्रेच्या काठाजवळ अजून उभी आहे. मोडकळीला आली होती, तेव्हा माधवराव शिंद्यांच्या काळात 1923 च्या सुमारास तिची डागडुजी झाली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिषाने तिचा कारभार पाहिला. (महाकालाचं देऊळही अठराव्या शतकात परत उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी यांनी. आपल्याकडच्या माणसाला हे आडनाव ऐकून जरा बरं वाटतं. मलाही वाटलं.)

वेधशाळेत सम्राट यंत्राच्या सावलीत आमच्याच गाडीने आलेले एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "आपल्या शास्त्रात सृष्टीचं वय आहे, एकशे सत्त्याण्णव कोटी. विज्ञान आता तेच म्हणतंय." विज्ञान तसं म्हणत नाही. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं धरतात आणि विश्वाचं सुमारे 1380 कोटी. पण तो मुद्दा सोडा. भाचा शेजारी उभा होता, तो हळूच म्हणाला, "कुठल्या शास्त्रात, ते विचारा."

कारण आकडा एक नाहीच. कलियुग सुरू होईपर्यंत कल्पाची किती वर्षं गेली ते मोजलं तर 1,97,29,44,000 येतात. ब्रह्मगुप्त हाच हिशोब धरतो; त्याच्या मते कल्प सुरू झाला आणि ग्रह चालू लागले. सूर्यसिद्धान्त म्हणतो, थांबा, ब्रह्मदेवाला चराचर घडवायला 47,400 दिव्य वर्षं लागली, ती वजा करा. दिव्य वर्ष म्हणजे आपली 360, म्हणून 1,70,64,000 वर्षं गेली आणि उरली 1,95,58,80,000. दयानंद सरस्वतींनी मन्वंतरांमधले संधिकाळ धरलेच नाहीत. आर्यसमाजाच्या हिशोबाने आकडा 1,96,08,48,000 येतो. आर्यभटाची तऱ्हाच वेगळी. त्याने चारही युगपाद सारखे केले, मन्वंतरात 71 ऐवजी 72 युगं धरली. यासाठी ब्रह्मगुप्ताने 628 सालच्या आपल्या ग्रंथात त्याला चांगलाच फैलावर घेतला, की हे स्मृतींना सोडून आहे.

आता त्या 47,400 कडे जरा पाहा. हा आकडा कुठल्या ऋषीला स्वप्नात दिसला असं मला वाटत नाही. भाच्याने वहीत मांडून दाखवलं, मग घरी येऊन मी स्वतः भागाकार केला. कल्पारंभापासून चालू महायुगातलं कृतयुग संपेपर्यंत 1,97,07,84,000 वर्षं. याला महायुगाच्या चतुर्थांशाने, म्हणजे 10,80,000 ने भागलं तर 1824.8 येतात. पूर्ण भाग जात नाही. पण आधी 1,70,64,000 वजा केली की उत्तर येतं नेमकं 1809. सूर्यसिद्धान्ताच्या भगणांप्रमाणे मधले ग्रह दर चतुर्थांशाला मेषारंभी एकत्र यायला हवेत, आणि ते तसे यायचे तर भाग पूर्ण जायला हवा. म्हणजे गणित जुळावं म्हणून ब्रह्मदेवाला कामाला वेळ दिलेला आहे! यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मला तर अभिमान वाटला. इथे माणसं डोकं चालवत होती, आपसात भांडत होती, आकाशाशी ताळा पाहत होती. "सगळं एकच" म्हणणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण त्याने भागाकार केलेलाच नसतो.

उज्जैनचाच दुसरा माणूस वराहमिहिर. सहाव्या शतकातला, स्वतःला अवंतीचा म्हणवणारा. बृहत्संहितेच्या पहिल्याच अध्यायात त्याने सृष्टीचा विषय काढला आहे. आधी अंधार, पाणी, सोन्याचं अंडं, त्यातून ब्रह्मदेव, ही परंपरेने आलेली कथा सांगतो. लगेच पुढच्या श्लोकात पाच मतं. कपिल म्हणतो प्रधान हे कारण, कणाद म्हणतो द्रव्य वगैरे पदार्थ, कोणी काळ म्हणतो, कोणी स्वभाव, कोणी कर्म. आणि त्याच्या पुढच्या श्लोकात काय म्हणतो? हा वाद लांब आहे, इथे पुरे, मला ज्योतिषाचं बोलायचंय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती प्रामाणिक माणूस. पाच मतांना पाच मालक आहेत हे त्याने सांगितलं, आपलं क्षेत्र कुठे संपतं ते सांगितलं, आणि तो गप्प बसला. पाचही एकच असं म्हणाला नाही. म्हणायला त्याला कोण अडवणार होतं?

आणि एकच नाहीतच ती. नैयायिक म्हणतो, घडा दिसला की कुंभार असणारच, तसं जग दिसतं म्हणजे कर्ता आहे. उदयनाचार्यांनी या एका मुद्द्यावर न्यायकुसुमांजली लिहिली. मीमांसक कुमारिल विचारतो, प्रजापतीने जग केलं म्हणता, तेव्हा त्याला शरीर होतं का? हेतू काय होता? पाहिलं कोणी? त्याच्या मते जग कधी नव्हतंच असं नाही, ते असंच चालत आलंय. लक्षात घ्या, हा कुमारिल वेदाचा कट्टर रखवालदार. नास्तिक म्हणून त्याला बाजूला काढता येत नाही. सांख्याला तर ईश्वर लागतच नाही. वेदान्ती म्हणतो कुंभार आणि माती दोन्ही ब्रह्मच. जैनांना कर्ता ईश्वरच मान्य नाही. आणि आपल्या मराठीत यावं तर ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानखंडनाला एक लांबच लांब प्रकरण दिलंय. अज्ञानातून जग दिसतं म्हणणाऱ्यांना ते असं घुसळून काढतात की वाचताना दम लागतो. सगळं एकच होतं तर माउलींनी एवढी शाई कशाला खर्च केली?

शंकराचार्य सांख्यमताला प्रधानमल्ल म्हणतात. आखाड्यातला मुख्य पैलवान. त्याला चीत केलं की बाकीचे आपोआप गेले. पण पैलवान म्हणायला आधी त्याची ताकद मान्य करावी लागते. आजच्या आपल्या व्याख्यानांत आखाडाच नाही. सगळे पैलवान हार घालून एकाच स्टेजवर बसवलेले.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर मीही त्याच रांगेत. "सगळं एकच" म्हणणाऱ्याला पूर्वजांचा आधार नाही असं नाही. ब्रह्मसूत्रांत समन्वय आहे. मधुसूदन सरस्वतींनी प्रस्थानभेदात म्हटलंय की सगळे मुनी सर्वज्ञ, चुकले कोणीच नाहीत, माणसं नास्तिकतेकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी वेगवेगळ्या वाटा दाखवल्या. माझ्या आईसारख्या माणसाला, जिने उभ्या आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही, हे वाक्य खरोखर आधार देतं, आणि तिच्याशी वाद घालायला मी जाणार नाही. पण मधुसूदनांनी प्रत्येक प्रस्थान आधी वेगळं मांडलं, त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत सांगितलं, मग शेवटी एकत्र नेलं. आपण शेवटचं पान फाडून घेतलं आणि आधीची पोथी रद्दीत घातली.

उज्जैनहून भोपाळच्या गाडीत बसलं की वाटेत सीहोर लागतं. एकोणिसाव्या शतकात तिथे लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. त्याने पाठशाळेत भास्कराचार्य शिकवायला लावले. त्याच्याबरोबर काम करणारे पंडित सुबाजी बापू मराठी. त्यांनी 1836 च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ लिहिला, तोही मराठीत. पुराणं म्हणतात पृथ्वी पन्नास कोटी योजनं विस्ताराची सपाट, मधे मेरू, आणि चंद्र सूर्याच्याही वर. भास्कराचार्य म्हणतात पृथ्वी गोल, परीघ 4,967 योजनं. सुबाजी बापूंनी हे दोन्ही, आणि तिसरं कोपर्निकसचं मत, समोरासमोर ठेवलं. पुराणातला भूगोल चुकला हे एक शास्त्री मराठीत लिहितो आहे, तेही लोकहितवादींच्या शतपत्रांच्या आधी. पुण्याच्या बाजूने यज्ञेश्वरशास्त्री रोडे सरसावले. त्यांच्या ग्रंथाचं नावच अविरोधप्रकाश. विरोध नाहीच मुळी, दोन्ही खरं! सुबाजी बापूंनी त्यालाही उत्तर दिलं.

म्हणजे आमच्या कीर्तनकारांचं वाक्य नवीन नाही. फरक एवढाच की रोडेशास्त्र्यांनी ते सिद्ध करायला ग्रंथ लिहिला, दोन्ही बाजू वाचून लिहिला. आम्हाला एक फॉरवर्ड पुरतो.

सुबाजी बापू काही आजच्या अर्थाने सुधारक नव्हते. विल्किन्सनने जातिभेदावर तुटून पडणारी वज्रसूची 1839 मध्ये छापली, तेव्हा त्यांनी तिचं खंडन लिहून त्याच पुस्तकात जोडायला लावलं. याच वर्षी जॉन म्यूर या स्कॉटिश माणसाने संस्कृतात मतपरीक्षा लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला. त्याला संस्कृतातच उत्तरं आली. त्यातलं सोमनाथ या नावाने आलेलं उत्तर सुबाजी बापूंचंच, असं संशोधक रिचर्ड फॉक्स यंग यांनी दाखवलंय.

दुसरं उत्तर नीलकंठशास्त्री गोरे यांचं. कोकणस्थ घराणं, जन्म 1825, वाढले काशीत. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय लिहिला. एक प्रश्न फार धारदार आहे: देवाने प्रत्येक जीव नवा निर्माण केला, मागचं कर्म काही नाही, तर एक जन्मतःच दुःखात आणि एक सुखात, हा पक्षपात कुणाचा? ख्रिस्ती मताला हा आजही बोचणारा काटा आहे. आणि पुढे? 1848 मध्ये हेच गोरे ख्रिस्ती झाले. मग 1860 ला त्यांनी हिंदीत षड्दर्शनदर्पण लिहून उलट बाजूने हल्ला चढवला: जीव अनादि, कर्म अनादि, परमाणू अनादि, तर मग ईश्वराने केलं काय? ज्याला आधी सामान लागतं तो कसला सर्वशक्तिमान? हा काटा आपल्याला बोचायला हवा. बोचतो का?

गोऱ्यांचं धर्मांतर चुकलं की बरोबर, यावर आपल्याकडे लोक हमरीतुमरीवर येतात. मला त्यात रस नाही. मला ते दोन्ही ग्रंथ एका माणसाने लिहिले याचं नवल वाटतं. दोन्ही बाजूंचे उत्तम प्रश्न त्याच्याकडे होते, आणि त्यांनी त्याला म्हातारपणापर्यंत झोप लागू दिली नाही, असं त्यांचं चरित्र वाचून वाटतं. "सगळं एकच" म्हणून ते काशीत सुखाने जगले असते.

ख्रिस्ती मंडळींनाही ही सवलत देऊ नये. उज्जैनला सिरो-मलबार परंपरेचं रुहालय नावाचं मोठं सेमिनरी आहे. सीरियाक भाषेत रुहा म्हणजे आत्मा, त्याला आपलं आलय जोडलेलं. नाव किती सुंदर! भाच्याची एका केरळी मुलाशी ग्रंथालयात ओळख झालीय, तोही उज्जैनमध्येच थिऑलॉजी शिकतो. तिघं मिळून रामघाटावर बसलो. त्याच्या बोलण्यावरून कळलं की त्याच्याही डोक्यात हेच वादळ. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात सृष्टीच्या दोन कथा. एकीत माणूस सगळ्यात शेवटी, दुसरीत झाडं आणि जनावरं यायच्या आधी. शून्यातून सृष्टी हा चर्चचा सिद्धान्त, 1215 च्या परिषदेत तसं ठरलेलं. पण जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनेच मानावं, असं संत थॉमस अक्विनास म्हणतो आणि त्याच्याच काळातला बोनाव्हेंतुरा म्हणतो, येतं सिद्ध करता. म्हणजे तिथेही आखाडा आहेच.

त्या मुलाने एक गोष्ट सांगितली ती मला आधी अर्धवटच ठाऊक होती. बिग बँगची कल्पना पहिल्यांदा मांडणारा जॉर्ज लेमेत्र हा स्वतः कॅथलिक पाद्री. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात सुचवलं की विज्ञानाला आता सृष्टीच्या आरंभाची खूण सापडली आहे. लेमेत्रला आनंद व्हायला हवा होता. तो अस्वस्थ झाला. माझा सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, त्यावर श्रद्धेचा डोलारा उभारू नका, अशी त्याची भूमिका. उद्या सिद्धान्त बदलला तर देवाचं काय करणार? पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. आमच्या हिरण्यगर्भवाल्यांना एखादा लेमेत्र भेटायला हवा.

घाटावर दिवे सोडणाऱ्यांची गर्दी वाढली. दोघं पोरं भांडत होती. हा म्हणे, असत्‌मधून सत् येत नाही, दही व्हायला दूध लागतं. तो म्हणे, दुधाशिवाय दही करता आलं नाही तर तुझा देव आणि गवळी यांत फरक काय? हा म्हणे, तुझ्या देवाने मग हा माशा बसलेला भिकारी शून्यातून मुद्दाम केला का? तो गप्प झाला. बराच वेळ. मग म्हणाला, "हे मला सरांना विचारावं लागेल." दोघांच्याही तोंडावर वैताग होता आणि दोघंही उठायला तयार नव्हते. मी चहा आणला.

परतताना भाच्याला विचारलं, बॅग भरायचं म्हणत होतास त्याचं काय? फोनवर तो म्हणाला होता की सोडून येतो, पणजीत एखाद्या हॉटेलात रिसेप्शनवर लागतो. तेव्हा आम्ही सगळ्यांनी समजलो की पोराची श्रद्धा गेली. तो म्हणाला, "श्रद्धा नाही गेली मामा. घरी विचारलं तर पाठ कर म्हणतात, इथे काही जण म्हणतात परीक्षेत दोन्ही उत्तरं लिही. माझ्याशी कोणी भांडतच नाही. हा एक भेटला." आणि त्याने स्टेशनकडे, मित्र गेला त्या दिशेला हात केला.

भावोजींना मी हे सगळं येऊन सांगितलं. ते अर्धवट ऐकून देवळात गेले, पाळी होती. कीर्तनकारांना मी या लेखाचा प्रिंट नेऊन देणार आहे. सप्ताहाला अजून अवकाश आहे. त्यांनी कुमारिलाच्या तीन प्रश्नांवर एक निरूपण करावं, उत्तर मिळो न मिळो, एवढीच विनंती.

परवा भाच्याचा मेसेज आला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण पाठव, देवनागरीतलं. रायतूरला 1616 मध्ये छापलेला हा मराठी ओवीग्रंथ सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतो आणि त्यात ब्राह्मण श्रोता मधेमधे शंका विचारतो, हे त्याने मित्राला सांगून ठेवलंय. मित्राला मराठी येत नाही, पण हिंदीच्या बळावर वाचून बघतो म्हणाला. माझ्याकडे कारिदाद द्रागो यांची 1996 ची आवृत्ती आहे, पुठ्ठा सुटलाय. बांधून घेतो आणि पाठवतो. त्याने खाली लिहिलंय: "त्या ब्राह्मणाच्या शंका जरा कच्च्या आहेत असं ऐकलं. आम्ही पक्क्या करू."